विहिरीतली आणि बोअरमधली मोटार चेन पुलीने वर काढताना

मे महिन्यात जळगावच्या रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि मोटारी जळतात त्याही याच दिवसांत. पाणी खोल गेलेलं असतं, व्होल्टेज कमी असतं, मोटार तासन्‌तास चालते. केळीचे घड भरायच्या वेळी चार-पाच दिवस पाणी तुटलं तर बागेचं नुकसान भरून निघत नाही. त्यामुळे मोटार काढायची घाई होते आणि हाताला लागेल ते सामान जमवलं जातं: शेजाऱ्याची एक टनी चेन पुली (हाताने साखळी ओढून वजन उचलायची), दोन इंची पाइपांची तिपाई, खळ्यात पडलेला पिवळा दोर. माणसं जखमी होतात, पाइपांसकट मोटार बोअरमध्ये जाते, ती बहुतेक या जमवाजमवीतूनच.

या कामाचा मुख्य नियम आधी सांगतो, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावरच उभ्या आहेत. वजन पुलीवर टांगलेलं असताना सॉकेट, म्हणजे दोन पाइप जोडणारा आट्यांचा तुकडा, खोलायचं नाही. आधी वजन क्लॅम्पवर, म्हणजे पाइपाला बोल्टने आवळलेल्या लोखंडी पकडीवर उतरवायचं, साखळी ढिली पडलेली डोळ्यांनी बघायची आणि मगच पाना लावायचा. मोठ्या जहाजावर नांगर उचलायला विंडलास नावाचं यंत्र असतं, त्यावरही हीच शिस्त पाळतात. नांगर टाकून झाला की साखळीचा ताण विंडलासच्या ब्रेकवर राहू देत नाहीत, चेन स्टॉपर नावाच्या अडणीवर घेतात. ओढणारं यंत्र ओढण्यासाठी असतं, धरून ठेवायचं काम वेगळ्या वस्तूकडे द्यायचं. आपल्या बोअरवर ती वस्तू म्हणजे क्लॅम्प.

आधी वजनाचा हिशेब

पुली किती टनाची लागेल हे अंदाजाने ठरवू नका. कागदावर पाच मिनिटांचं काम आहे. समजा २०० फूट बोअर आहे आणि अडीच इंची मध्यम जाडीचे जीआय पाइप आहेत. या पाइपचं वजन मीटरला सुमारे ६.४ किलो, म्हणजे वीस फुटी एका पाइपचं साधारण ३९ किलो. दहा पाइपांचे ३९० झाले. (दोन इंचीचं वजन मीटरला ५ किलो, तीन इंचीचं सुमारे ८.४ किलो धरा.)

आता लोक जे विसरतात ते धरा: पाइपातलं पाणी. पंपावरचा चेक व्हॉल्व्ह (पाणी परत खाली जाऊ न देणारा) शाबूत असेल तर पाइप भरलेलाच वर येतो. अडीच इंची पाइपात मीटरला सुमारे ३.७ लिटर पाणी मावतं, म्हणजे ६० मीटरला २२० किलोच्या वर. मोटार-पंपाचे ९० धरा (नेमकं वजन कंपनीच्या पत्रकात असतं), केबलचे २५. एकूण सव्वासातशे किलोच्या आसपास. बोअरमधल्या पाण्याच्या पातळीखाली असलेला भाग प्रत्यक्षात थोडा हलका लागतो, पण ती सूट हिशेबात घेऊ नका. वर हिसक्यासाठी आणि गाळाच्या पकडीसाठी दीडपट करा: ११०० किलो. एक टनी पुली इथे बाद. दोन टनी हवी.

पाइप जसे निघत जातात तसं वजन कमी होत जातं. म्हणजे सगळ्यात जास्त भार पहिल्याच उचलीला असतो. पहिली उचल निभावली की लोक निर्धास्त होतात, आणि शेवटी मोटार तोंडाशी आल्यावर एका दोरावर ओढून घेतात. तसं करू नका.

खोली ३०० फुटांच्या पुढे असेल तर हाताच्या पुलीचा नाद सोडा. एक टनी पुलीत हातसाखळी साधारण ४०-५० फूट ओढली की वजन एक फूट उचललं जातं. दोन टनी पुली दोन पदरी असते, तिला जवळपास दुप्पट ओढावं लागतं. वीस फुटी एक पाइप काढायला दीड-दोन हजार फूट साखळी हातातून जाते. तापीकाठच्या गाळाच्या जमिनीतल्या खोल ट्यूबवेलला म्हणूनच ट्रॅक्टरवरचं विंच मशीन बोलावतात. त्या मशीनची तारही तपासून घ्या. तुटलेले धागे बाहेर आलेले दिसले, एखादी जागा चपटी झालेली असली, किंवा सगळी तार सोडल्यावर ड्रमवर तीन वेढेसुद्धा उरत नसले, तर काम थांबवा.

पुली तपासणे

भाड्याची असो की घरची, टांगण्याआधी पुली जमिनीवर पसरून बघा.

हुक: तोंड फाकलेलं आहे का? नव्या हुकाच्या मापापेक्षा दहा टक्के जरी उघडलेलं असेल तर तो हुक एकदा तरी कुवतीबाहेर ओढलेला आहे. गरम करून ठोकून सरळ केलेला हुक घेऊच नका. तोंडावरची स्प्रिंगची पट्टी असलीच पाहिजे, कारण वजन क्लॅम्पवर टेकलं की साखळी ढिली होते आणि पट्टी नसेल तर कडी त्याच क्षणी हुकातून सुटते.

भाराची साखळी: एक एक कडी बोटांतून सरकवा. दोन कड्या जिथे घासतात तिथे झीज होते. जाडी दहा टक्के कमी झाली तर साखळी बदला. पिळलेली, चिर पडलेली किंवा वेल्डिंग करून जोडलेली कडी असेल तर पुली परत करा. दोन पदरी पुलीत खालचा हुक साखळीतून उलटा फिरून आलेला असतो, तेव्हा दोन्ही पदरांना पीळ दिसतो. तो सरळ केल्याशिवाय भार घेऊ नका.

आवाज: उचलताना आतून टक-टक-टक असा एकसारखा आवाज यायला हवा. तो दात्यांवरून उडणाऱ्या कुत्र्याचा, म्हणजे चाक उलटं फिरू न देणाऱ्या खिळीचा आवाज आहे. उचलताना पुली मुकी असेल तर कुत्र्याची स्प्रिंग तुटली आहे किंवा तो मातीने अडकला आहे. अशी पुली भार धरणार नाही.

ब्रेक: चेन पुलीचा ब्रेक आतल्या चकत्यांच्या घर्षणावर चालतो. भार जितका जास्त तितक्या चकत्या जास्त आवळल्या जातात. म्हणूनच ब्रेकमध्ये तेल किंवा ग्रीस गेलेलं चालत नाही. पुली जड चालते म्हणून डब्याने तेल ओतायची पद्धत ठिकठिकाणी दिसते, आणि मग टांगलेलं वजन हळूहळू खाली सरकायला लागतं. तेलाचा पातळ हात फक्त भाराच्या साखळीला द्यायचा.

तिपाई

तिपाईचं टोक पाइपाच्या लांबीपेक्षा निदान चार फूट उंच हवं. वीस फुटी पाइपांसाठी पाय २६ फुटी घेतले आणि बोअरच्या मध्यापासून दहा-दहा फुटांवर रोवले की टोक २४ फुटांवर येतं. दहा फुटी पाइप असतील तर १५ फूट उंची पुरे. बाजारातल्या पुलीची उचल बहुधा तीनच मीटर असते, त्यामुळे वीस फुटी पाइप दोन टप्प्यांत काढावा लागतो. सारखं काम असेल तर सहा मीटर उचलीची पुली मागवून घ्या, मधली एक पकड वाचते.

२६ फुटी पायांना तीन इंची पाइप वापरा. दोन इंची पाइप वजनाखाली तुटत नाही, तो मध्यातून धनुकलीसारखा वाकतो. एकदा वाकायला लागला की थांबत नाही. वरचा पिन निदान २५ मिलिमीटरचा, अखंड सळईचा हवा. बोल्टच्या आट्यांवर भार येऊ देऊ नका.

पाय किती फाकवायचे यालाही हिशेब आहे. वर सांगितलेल्या मापात प्रत्येक पाय बाहेर सरकू बघतो तो एकूण वजनाच्या सातव्या हिश्श्याच्या जोराने. तेच पाय ४५ अंशांपर्यंत फाकवले तर हा जोर वजनाचा तिसरा हिस्सा होतो. म्हणून तिन्ही पायांना खालून, जमिनीपासून फूटभर उंचीवर, साखळीने किंवा तारेच्या दोराने एकमेकांशी बांधा. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात मोठ्या भेगा असतात आणि वरून टणक दिसणारी जागा भाराखाली फुटते. प्रत्येक पायाखाली दीड फूट चौरस जाड फळी किंवा लोखंडी पत्रा घ्या आणि पाय त्यावरून घसरू नये म्हणून खुंटी मारा. साक्री, पारोळ्याकडच्या मुरुमात पायासाठी पहारीने वीतभर खड्डा केला तरी भागतं.

तिपाई उभी करण्याआधी वर बघा. शेतावरून जाणारी ११ केव्हीची तार मधल्या झोळात बरीच खाली आलेली असते आणि २६ फुटी लोखंडी पाइप उभा करताना तो कोणत्या बाजूला कलेल याचा भरवसा नसतो. पाय ज्या बाजूला पडू शकतो तिथपर्यंत आणि वर दहा फूट, एवढ्या टप्प्यात तार येत असेल तर वायरमनकडून लाइन बंद करून घेतल्याशिवाय तिपाईला हात लावू नका.

बोअरमधून पाइप काढणे

पहिलं काम विजेचं. स्टार्टर बंद करणं पुरेसं नाही. ऑटो स्विच लावलेला असतो, आणि लाइट आली की मोटार आपोआप चालू होते. मोबाइलवरचा स्टार्टर असेल तर घरून कुणी चालू करू शकतं. मेन स्विच पाडा, तिन्ही फ्यूज काढून खिशात ठेवा, केबल स्टार्टरमधून सोडवा. सोडवताना तीन वायरींवर खुणेची चिकटपट्टी लावा, परत जोडताना फेज उलटा झाला तर पंप उलटा फिरतो आणि पाणी कमी येतं.

डिलिव्हरीचा बेंड काढा. बोअरच्या केसिंगच्या (भोकाला आतून बसवलेल्या पाइपाच्या) दोन बाजूंना दोन भक्कम चॅनेल आडवे ठेवा, केसिंगवर भार नको. वरच्या सॉकेटच्या खाली पहिला क्लॅम्प बांधा. क्लॅम्प नेहमी सॉकेटच्या खालीच बांधायचा, म्हणजे पकड सैल पडली तरी सॉकेट त्यावर अडतं.

क्लॅम्पकडे जवळून बघा. दोन अर्ध्या कड्या बोल्टने आवळल्यावर त्यांच्या दोन कडांमध्ये बोटाच्या पेराएवढी फट राहायला हवी. कडा एकमेकींना टेकल्या असतील तर बोल्ट कितीही आवळा, जोर कडांवर जातो, पाइपला पकड बसत नाही. असा क्लॅम्प त्या मापाचा नाही किंवा आतून झिजलेला आहे. फडकं किंवा ट्यूबचा तुकडा कोंबून भागवू नका, ओला पाइप त्यातून निसटतो. पकडीच्या जागेवरचा गंज, शेवाळ, ग्रीस तारेच्या ब्रशने साफ करा. बोल्ट दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, सारखे आवळा.

आता पुलीचा हुक या पहिल्या क्लॅम्पला लावा आणि ओळंबा सोडून बघा. हुक बोअरच्या बरोबर मध्यावर हवा. दोन-तीन इंचांचा फरकही पाइपाला केसिंगवर घासायला लावतो आणि केबल त्यात सापडते.

दोन इंच उचला आणि थांबा. पाइपावर खडूने रेघ मारून पाच मिनिटं बघा. रेघ खाली सरकली तर ब्रेक गेलेला आहे, लगेच क्लॅम्पवर टेकवा. तिपाईचे पाय, फळ्या, पिन याच वेळी बघून घ्या. सगळं जागच्या जागी असेल तरच पुढे.

पुढचं सॉकेट चॅनेलच्या वर फूटभर येईपर्यंत उचला. त्याच्या खाली दुसरा क्लॅम्प बांधा, चॅनेलवर टेकवा आणि साखळी ढिली पडेपर्यंत पुली सोडा. हुक वरच्या पाइपवर राहू द्या, ताण नको. मग एका चेन पान्याने खालचं सॉकेट धरून दुसऱ्याने वरचा पाइप फिरवा. खालचा पाना लावला नाही तर सगळा खालचा स्तंभ फिरतो, केबल पाइपाभोवती गुंडाळली जाते, खाली कुठला तरी जोड उघडतो.

गंजलेलं सॉकेट उघडत नसेल तर आधी डिझेल सोडून अर्धा तास थांबा. मग दोन हातोडे समोरासमोर धरून सॉकेटवर एकाच वेळी हलके ठोके द्या, सगळीकडून. एकाच बाजूने जोराचा ठोका दिला तर सॉकेट फुटतं.

जोड सुटला की वरच्या पाइपातलं पाणी अंगावर येतं. हात, पाना, जमीन सगळं ओलं होतं, त्यामुळे पाना फिरवणाऱ्याने पाय रोवून उभं राहावं. बोअरचं तोंड दोन अर्ध्या पत्र्यांनी झाकलेलं ठेवा. आत पडलेला एक नट पंप आणि केसिंगच्या मध्ये पाचरीसारखा बसतो, मग मोटार ना वर येते ना खाली जाते.

पाइप आडवा करताना खालच्या टोकाला दोर बांधून एक माणूस बाजूला खेचत जातो, पुलीवाला हळू सोडत जातो. केबलच्या क्लिपा कापत, केबल मोठ्या वेटोळ्यात गुंडाळत जा. केबलवर कधीही वजन घेऊ नका.

मोटार अडकली तर? दोन टनी पुलीची हातसाखळी एका माणसाच्या साध्या ओढीने चालायला हवी. ती चालत नाही म्हणजे भार कुवतीबाहेर गेला आहे. दुसरा माणूस साखळीला लोंबकळला की पुली तुटते किंवा पाइपाचा आटा उपटतो. फूटभर खाली सोडा, थांबा, पुन्हा उचला. खाली-वर करताना गाळ सुटतो. दहा-पंधरा वेळा करूनही हललं नाही तर बोअर साफ करणाऱ्या मशीनवाल्याला बोलवा.

उघड्या विहिरीवर: काठाचा बाहू

धुळे, साक्री, पारोळ्याकडच्या वीस-पंचवीस फूट रुंदीच्या विहिरींवर तिपाई उभीच राहत नाही. इथे काठावरून आत झुकणारा लोखंडी बाहू लागतो. जहाजाच्या कडेला बचाव-नौका उचलून बाहेर धरणारी आणि पाण्यात सोडणारी कमान असते, तिला डेव्हिट म्हणतात. आपला बाहू तेच काम करतो. डेव्हिटच्या आंतरराष्ट्रीय नियमांत सांगाड्याला ४.५ पट आणि दोर, साखळ्या, कप्प्यांना ६ पट सुरक्षितता धरतात, आणि बसवण्याआधी कामाच्या भाराच्या २.२ पट वजनाने चाचणी घेतात. माणसं वर असतात म्हणून ही काळजी. विहिरीच्या काठावरही माणसंच उभी असतात.

हिशेब असा. पाच एचपीची ओपनवेल मोटार ७० किलो, ६० फूट एचडीपीई पाइप पाण्यासह ९०, एकूण १६०. बाहूचा पुढचा टेकू काठापासून दोन फूट मागे आणि हुक काठाच्या आत दोन फूट, म्हणजे टेकूपासून हुक चार फूट. मागची शेपटी आठ फूट लांब ठेवली तर तोल सावरायला मागे ८० किलो लागतात. पण तोल सावरणं म्हणजे सुरक्षित असणं नव्हे. गाळात रुतलेली मोटार सुटताना हिसका देते. तिप्पट धरा, २४० किलो: वाळूने भरलेली पन्नास किलोची पाच पोती, शेपटीला बांधलेली. नुसती रचलेली पोती हिसक्याने घसरतात. पुढचा टेकू ढासळत्या मुरुमावर असेल तर दोन फुटांऐवजी चार फूट मागे घ्या आणि वजन त्या प्रमाणात वाढवा. पावसाळ्यात, काठ भिजलेला असताना हे काम करूच नका.

जुन्या विहिरींना मोटेच्या काळातले पुढे आलेले दगड असतात. दिसायला भक्कम, पण आतला चुना गेलेला असतो. त्यांना पुली टांगू नका.

मोटार उचलण्याआधी बाहूला २०० किलो, म्हणजे वाळूची चार पोती, जमिनीपासून वीतभर उंच दहा मिनिटं टांगून बघा. यासाठी बाहू आधी सपाट जागेवर उभा करा.

तारेचा दोर वापरत असाल तर १० मिलिमीटरची तार साधारण पाच टनांना तुटते. सहा पट सुरक्षितता धरली तर कामाला ८०० किलो. टोकाला फास करताना तीन क्लिपा, सहा-सहा सेंटिमीटरवर. क्लिपचं खोगीर भार घेणाऱ्या तारेवर आणि यू बोल्ट मोकळ्या टोकावर यायला हवा. उलट लावली तर बोल्ट भाराची तार चेपून कापतो. उन्हात वर्षभर पडलेला पिवळा प्लास्टिकचा दोर ओढून बघितला तर चांगला वाटतो, पण त्याचे धागे कुरकुरीत झालेले असतात. तो मोटार बाजूला धरायच्या दोरासाठीसुद्धा नको.

मोटार पाण्याबाहेर आली की ती भिंतीवर आपटू नये म्हणून बाजूच्या दोराने एका माणसाने सावरत राहायचं. काठाच्या वर दोन फूट आली की बाहू फिरवून आत घ्या. हाताने ओढून घेण्यासाठी कुणी काठावर वाकू नये. अडकलेली मोटार सोडवायला विहिरीत उतरावं लागलं तर उतरणाऱ्याच्या कमरेला आणि खांद्यांना पट्टा, त्याचा दोर वेगळ्या खुंटीला, आणि तो वर येईपर्यंत पुलीवरचं वजन हलवायचं नाही. डिझेल इंजिन आत चाललेली विहीर असेल तर त्या दिवशी उतरूच नका.

परत सोडताना

मोटार दुरुस्त होऊन आली की सोडण्याआधी आत स्वच्छ पाणी भरा, हवा निघेपर्यंत. पायऱ्या त्याच, उलट क्रमाने. सॉकेटच्या आट्यांना धागा आणि सफेदा किंवा टेफ्लॉन टेप लावा. दर दहा फुटांवर केबलला क्लिप लावा, घट्ट पण इन्सुलेशन दाबणार नाही इतपत. खाली सोडताना हातसाखळीला हिसके देऊ नका, प्रत्येक हिसक्याला ब्रेक सुटतो आणि पुन्हा पकडतो. बोअरमध्ये पंप तळापासून १०-१५ फूट वर आणि जाळीच्या पाइपाच्या समोर येणार नाही असा ठेवा, उघड्या विहिरीत गाळापासून तीन-चार फूट वर. किती पाइप उतरवले, पाण्याची पातळी किती फुटांवर लागली आणि कोणत्या सॉकेटला गंज होता हे स्टार्टरच्या पेटीत आतून लिहून ठेवा, पुढच्या वेळी वजनाचा हिशेब तिथूनच सुरू होतो. पुली धुळीत टाकू नका. साखळी कापडाने पुसून, तेलाचा हलका हात देऊन, गोणपाटात गुंडाळून टांगून ठेवा.